मुद्दा आधी की पुरावा आधी? शोधनिबंध आणि कार्यालयीन टिपणी

समजा, मुंबईत हिंदमाताला पाणी का तुंबतं याचा तुम्ही अभ्यास केलाय. तो दोन ठिकाणी द्यायचाय: शोधनिबंध म्हणून जर्नलला आणि टिपणी म्हणून पालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या विभागाला. बहुतेक जण निबंध कापूनछाटून तोच टिपणी म्हणून देतात. तसं करू नका. आकडे तेच राहिले तरी मांडणी नव्यानेच करावी लागते, कारण वाचणारा वेगळा आहे.

निबंध वाचणारा तज्ज्ञ खोट शोधायलाच बसलेला असतो, आणि ते त्याचं कामच आहे. म्हणून तिथे पूर्वपक्ष, म्हणजे आधीच्यांचं म्हणणं, आधी मांडा: जुन्या गटारांची क्षमता ताशी २५ मिमी पावसाची, ती ५० करावी अशी मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाची शिफारस, मग नुसती क्षमता वाढवून का भागत नाही. नंतर पद्धत, नोंदी, निष्कर्ष. निष्कर्षाचं वाक्य साधारण असं येईल: 'मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आल्यास पाणी ओसरायला अधिक वेळ लागतो, असे दोन पावसाळ्यांच्या नोंदींवरून दिसते.'

टिपणी वाचणाऱ्या अधिकाऱ्यापुढे फायलींचा ढीग असतो. आपल्याकडे पार्श्वभूमीपासून सुरुवात करून मागणी तळाशी, 'मान्यतेस्तव सादर'च्या अलीकडे लिहायची सवय आहे. मी ती सरळ वर आणतो: 'विषय: हिंदमाता येथे भरतीच्या वेळी जादा पंप ठेवण्यास पावसाळ्यापूर्वी मान्यता मिळणेबाबत.' खाली तीन-चार ओळींत कारण, मग खर्च. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. त्या आठवणीवर भावनिक परिच्छेद रचला तर उलट संशय येतो. विभागाच्या स्वतःच्या नोंदींशी तुमचे आकडे जुळतात हे दाखवलंत, तर विश्वास लवकर बसतो.

एका बाबतीत मात्र मी अजिबात सूट देणार नाही. टिपणी ठाम वाटावी म्हणून अनिश्चितता गाळणं ही फसवणूक आहे. तिची जागा तेवढी बदला: 'नोंदी दोनच पावसाळ्यांच्या आहेत, पंप ठेवल्यावरही मोजमाप चालू ठेवावे.' अशी लिहिली की शंकेतूनही पुढचं काम निघतं.

रुपयाच्या प्रश्नावर बाबासाहेब आंबेडकरांनी निबंध आणि टिपणी या दोन्ही प्रकारचं लेखन केलं. १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रबंध सोन्या-चांदीच्या दुहेरी चलनापासूनचा इतिहास उलगडत येतो आणि अर्थशास्त्रज्ञ केन्सचं मत मांडून खोडतो. १९२५ मध्ये भारताच्या चलनावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढच्या निवेदनात मात्र काय करावं याच्या क्रमवार सूचना आहेत. रुपये पाडायला टाकसाळी जनतेप्रमाणे सरकारलाही बंद कराव्यात, ही त्यातलीच एक.

याचा अर्थ निबंधात मुद्दा लपवून ठेवायचा असा नाही. न्यायदर्शन या प्राचीन तर्कशास्त्रातल्या पंचावयवी (पाच पायऱ्यांच्या) अनुमानातही प्रतिज्ञा, म्हणजे दावा, पहिली येते: पर्वतावर अग्नी आहे. धुराचा हेतू, म्हणजे कारण, त्यानंतर. सारांशात आणि प्रस्तावनेत तुमचा दावा दिसलाच पाहिजे. पूर्वपक्षाला जागा त्यापुढे आहे.

टिपणीत पुरावा आधी ठेवावा असा एकच प्रसंग मला पटतो: वाचणाऱ्याला नको असलेली गोष्ट सांगायची असते तेव्हा. विभागानेच केलेला उपाय अपुरा पडतोय हे पहिल्या ओळीत आलं, तर पुढचं वाचलंच जात नाही. तिथे आधी मोजमापांचा तक्ता, मग निष्कर्ष.

दोन्हींपैकी आधी काय लिहावं? पैशांची मागणी असेल तर टिपणी. पालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडला जातो, त्यामुळे ती दिवाळीनंतर लगेच विभागाकडे जायला हवी. जर्नलला अशी घाई नसते.