एकट्याने की भागीदारासोबत: उपयोजित जीनोमिक्ससाठी सरकारी अनुदान मागताना

उपयोजित जीनोमिक्ससाठी सरकारी पैसा मागायचा तर साधारण दोन वाटा असतात. एक म्हणजे आपल्या प्रयोगशाळेचा स्वतंत्र प्रस्ताव, ज्यात सगळा खर्च सरकार देतं. दुसरी भागीदारीची. तिथे पैदासकार संस्था, बियाणे कंपनी किंवा रुग्णालय असं कोणीतरी सोबत असतं आणि खर्चाचा ठरावीक वाटा रोख किंवा वस्तुरूपाने उचलतं. मी दुभत्या गाईंमधल्या जीनोमिक निवडीवर, म्हणजे डीएनएवरच्या खुणा वाचून पैदाशीसाठी जनावरं निवडण्यावर, काम करतो आणि दोन्ही वाटांनी एकेक प्रकल्प पूर्ण केला आहे. दोन प्रकल्पांवरून नियम काढता येत नाही, पण प्रस्ताव लिहायला बसलेल्याला हा अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं.

पहिला फरक समीक्षकांच्या प्रश्नात जाणवतो. स्वतंत्र प्रस्तावावर हमखास प्रश्न येतो, ‘यात नवीन काय?’ आमच्यासारख्यांची खरी अडचण इथेच होते. जीनोमिक निवडीची कल्पना 2001 मध्ये मांडली गेली. गाईच्या डीएनएवरच्या सुमारे 54 हजार खुणा एकदम वाचणारी चाचणी-चिप आली आणि जानेवारी 2009 पासून अमेरिकेत होलस्टीन व जर्सी गुरांची अधिकृत मूल्यमापनं त्या आधारावर होऊ लागली. मग नोंदी कमी असलेल्या एखाद्या जातीत हीच पद्धत बसवण्यात नवीन काय, याचं प्रामाणिक उत्तर ‘पद्धतीत फारसं नाही’ असंच आहे. मेहनत असते ती त्या जातीचा पुरेसा मोठा संदर्भ कळप, म्हणजे डीएनएच्या खुणा आणि दुधाच्या नोंदी दोन्ही हाताशी असलेली जनावरं, उभा करण्यात. भागीदारी प्रस्तावात मला विचारलं गेलं, ‘हे वापरणार कोण, आणि ते आज काय करतात?’ त्याचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. वळूच्या मुली दुधात येईपर्यंत थांबून त्याची पारख करायची तर पाच-सहा वर्षं जातात. वासराच्या कानाच्या कणभर ऊतीवरून अंदाज बांधता आला, तर त्यातली बरीच वाचतात.

पण माझं मत ज्या गोष्टीने बनलं ती याहून किरकोळ वाटेल. ती म्हणजे खर्चाचे हेड, मंजूर रक्कम ज्या ठरावीक शीर्षकांखाली वाटलेली असते ती.

एका मानवी जनुकसंचाचा क्रम वाचायला 2001 मध्ये सुमारे 9.5 कोटी डॉलर लागत, 2022 पर्यंत तो खर्च 500 डॉलरच्या आसपास आला. खर्च इतका घसरणाऱ्या क्षेत्रात, प्रस्तावासोबत जोडलेलं दरपत्रक पैसे हातात येईपर्यंत शिळं झालेलं असतं. माझ्या स्वतंत्र प्रकल्पात नेमकं हेच झालं. चिप आणि सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) अंदाजापेक्षा स्वस्तात झालं आणि कन्झ्युमेबल्सच्या, म्हणजे वापरून संपणाऱ्या साहित्याच्या, हेडखाली चांगली रक्कम उरली. त्याच वेळी विश्लेषण करणारा माणूस मिळेना, कारण मनुष्यबळाच्या हेडखाली एकच कनिष्ठ जागा मंजूर होती. उरलेली रक्कम तिकडे वळवायची परवानगी मी मागितली. पत्र गेलं, खुलासा मागवला गेला, खुलासा दिला, पुन्हा नवा नमुना भरून मागितला. परवानगी आली तेव्हा आर्थिक वर्ष संपत आलं होतं आणि ज्या मुलीला मी नेमणार होतो ती दुसरीकडे रुजू झाली होती. जवळजवळ वर्षभर हजारो जनावरांचा डेटा सर्व्हरवर तसाच पडून राहिला. पैसा होता, डेटा होता, आणि तरी काम थांबलं होतं. ते दिवस आठवले की अजून जिवाला लागतं.

भागीदारी प्रकल्पात सरकारी वाट्याचे हेड तितकेच कडक होते. पण भागीदाराच्या रोख रकमेला ते बंधन नव्हतं. निदान आमच्या करारात तरी नव्हतं. दर उतरले तेव्हा संयुक्त समितीच्या एका बैठकीत ठरलं आणि पुढच्याच महिन्यात दुसरा विश्लेषक कामावर आला.

या वाटेवरही दगड आहेत. करारावर सह्या व्हायला आमचे सात महिने गेले. वस्तुरूप योगदानाची किंमत ठरवणं जिकिरीचं असतं, कारण गोठ्यावरच्या माणसाचे तास, दुधाच्या नोंदी, जनावरं धरायला लागणारी माणसं या सगळ्याचा हिशेब दर तिमाहीला सहीनिशी द्यावा लागतो. आणि डेटा खुला करण्याचा प्रश्न तर सर्वांत नाजूक. मानवी जनुकसंच प्रकल्पातल्या संशोधकांनी 1996 मध्ये बर्म्युडा इथे जुळवलेले क्रम 24 तासांच्या आत खुले करायचं ठरवलं, आणि डेटा वाटून घेण्याचा तो संस्कार आजही सार्वजनिक पैशाच्या अटींत दिसतो. भागीदाराला मात्र आपल्या वळूंची माहिती प्रतिस्पर्ध्याच्या हाती जायला नको असते. आम्ही मधला मार्ग काढला. कच्चा जनुकीय डेटा ठरल्या मुदतीनंतर खुला आणि वळूंची नावं व त्यांची पैदास मूल्यं (पिल्लांत किती गुण उतरतील याचे अंदाज) भागीदाराकडे. हे आधीच लिहून घेतलं नसतं तर संबंध तुटले असते.

त्या बदल्यात एक गोष्ट मिळाली, जी मला कोणत्याही स्वतंत्र अनुदानात विकत घेता आली नसती. ती म्हणजे वेळेवर येणाऱ्या नोंदी. स्वतंत्र प्रकल्पात दूध मोजून कळवणं गोठेवाल्यांसाठी परक्याचं काम होतं, त्यामुळे गाळलेल्या महिन्यांनी वही भरली होती. भागीदारीत तोच आकडा त्यांच्या स्वतःच्या निर्णयाला लागत होता. जीनोटाइप, म्हणजे जनावराच्या डीएनएच्या खुणांचं वाचन, कितीही अचूक असला तरी समोरची दुधाची नोंद कच्ची असेल तर अंदाज कच्चाच राहतो.

तरीही काहींनी स्वतंत्र वाटच धरावी असं मला वाटतं. विद्यार्थ्याचा प्रबंध या कामावर अवलंबून असेल, तर भागीदाराच्या परवानगीसाठी शोधनिबंध अडकणं परवडत नाही. प्रश्न अजून इतका कच्चा असेल की वापरणाऱ्याचं नावच सांगता येत नाही, तर ओढूनताणून भागीदार आणू नये. पत्रापुरता आलेला भागीदार पहिल्याच हप्त्याला मागे सरतो.

बाकीच्यांनी प्रस्तावाचं पहिलं पान लिहिण्याआधी दोन्ही योजनांच्या कार्यालयांत एकच प्रश्न विचारावा: एका हेडमधून दुसऱ्यात किती टक्के रक्कम विनापरवानगी वळवता येते? उत्तर लेखी घ्यावं. माझा पुढचा प्रस्ताव भागीदारासोबतचाच आहे, आणि त्यात विश्लेषकांच्या दोन जागा पहिल्या दिवसापासून मागितल्या आहेत.