कडबाकुट्टी : विजेची मोटर की ट्रॅक्टरचा पीटीओ?

चार-पाच जनावरे, ज्वारीचा कडबा, थोडा मका आणि दारात उभा ट्रॅक्टर असलेल्या एका नातेवाइकांना प्रश्न पडला आहे की, कुट्टीसाठी, म्हणजे चारा बारीक कापण्यासाठी, वेगळी मोटर घ्यावी की ट्रॅक्टरच्या पीटीओवर (इंजिनाची शक्ती जोडलेल्या यंत्राला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर) चालणारे यंत्र.

ऊर्जेच्या दृष्टीने फरक मोठा आहे. ३ अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर तासाला साधारण पावणेतीन युनिट वीज घेते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिटइतकी ऊर्जा असते. परंतु ३५-४० अश्वशक्तीचे इंजिन इतक्या हलक्या भारावर चालते, तेव्हा तिचा बराच भाग उष्णता व घर्षणात जातो. रोजच्या दोन भाऱ्यांसाठी ट्रॅक्टर सुरू करणे मला खरोखर अपव्यय वाटतो.

विजेची अडचण मात्र खरी आहे. शेतीचा थ्री-फेज पुरवठा ठरावीक तासच मिळतो, शिवाय व्होल्टेज कमी असल्यास मोटर तापते. घराजवळच्या सिंगल-फेज जोडणीवर चालणारी मोटर घेतल्यास वेळेचा प्रश्न बराच सुटतो. मुरघासाचा (हवाबंद दाबून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा) मका मात्र एकदाच आणि भराभर कापून दाबावा लागतो. तेथे मोठे पीटीओ यंत्रच उपयोगी पडते, कारण त्या कामात इंजिनावर पुरेसा भार येतो.

पाती बोथट झाली की दोन्हीकडे खर्च वाढतो, म्हणून धार वेळेवर लावावी.

रोजच्या कुट्टीला मोटर घ्यावी; वर्षातून एक-दोनदा मुरघास करणाऱ्याने पीटीओ यंत्र भाड्याने आणावे. मोठा गोठा असून वीज बेभरवशाची असेल, तरच ते विकत घेणे योग्य ठरेल.