आठ महिने अंगावर: रस्त्याच्या कामासाठीचं पोपटी जाकीट

पुणे-सातारा रस्त्यावर खंबाटकीच्या पट्ट्यात आमची अकरा जणांची गँग देखभालीचं काम करते. खड्डे बुजवायचे, गटारं मोकळी करायची, दुभाजकातलं गवत काढायचं. गेल्या जूनमध्ये ठेकेदाराच्या मागे लागून मी सगळ्यांसाठी नवी जाकिटं घ्यायला लावली. आधीची सत्तर-ऐंशी रुपयांची होती, ही साडेचारशेची. आत ईएन आयएसओ २०४७१ (लांबून दिसणाऱ्या कपड्यांचं आंतरराष्ट्रीय मानक), वर्ग २ असं लेबल आहे. म्हणजे चमकदार कापड निदान ०.५० चौरस मीटर आणि रेडियम पट्टी ०.१३ चौरस मीटर, पट्टीची रुंदी ५० मिलिमीटरपेक्षा कमी नाही. भारतीय मानक आयएस १५८०९ आहे. घेताना यांपैकी एका मानकाचा क्रमांक लेबलवर आहे का, ते बघाच.

दिवसा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवला. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. चालकाला आमचा माणूस तीन सेकंद आधी दिसला, तर हाताशी ६६ मीटर असतात. मात्र पोपटी रंग सगळीकडे चालत नाही, हे जुलैत कळलं. घाटात दोन्ही बाजूंना हिरवंगार झालं आणि गवतात वाकलेला माणूस लांबून दिसेना. तिथे नारिंगी हवं. उलट नारिंगी कोन आणि बॅरिकेड लावलेल्या जागी नारिंगी जाकीट त्यांच्यातच मिसळतं, तिथे पोपटीच बरं. आता आम्ही दोन्ही रंग ठेवतो.

रात्रीचं गणित वेगळं आहे. तो चमकदार रंग सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर उजळतो. अंधारात किंवा पिवळ्या सोडियम दिव्याखाली त्याचा उपयोग नाही, तिथे सगळी मदार पट्टीवर. ही पट्टी प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवते, म्हणून ती गाडीच्या चालकाला चमकताना दिसते, शेजारी उभ्या माणसाला नाही. तपासायची असेल तर बॅटरी कानशिलाजवळ धरून वीस-तीस पावलांवरून पट्टीवर मारा. मी दर पंधरवड्याला सगळी जाकिटं अशी बघतो. कंबरेजवळ धरलेल्या बॅटरीने चांगली पट्टीही मंद वाटते.

खरा त्रास धुण्याचा. लेबलवर २५ धुण्यांची मर्यादा आहे. आमच्यातल्या दोघांनी दगडावर ब्रश मारून धुतली, एकाने डांबराचे डाग रॉकेलने काढले. तिन्हींच्या पट्ट्या ऑक्टोबरपर्यंत राखाडी पडल्या, पट्टीवरचे बारीक काचेचे मणीच निघून गेले. आता कोमट पाणी, साधी पावडर, हाताने हलकं चोळणं आणि सावलीत वाळवणं. आतल्या शिवणीवर मार्करने प्रत्येक धुण्याची रेघ मारतो.

पावसाळ्यात एक चूक माझ्याकडून झाली आणि ती आठवली की अजून अंगावर काटा येतो. सगळ्यांनी जाकिटावर काळे रेनकोट चढवले होते आणि तासभर माझ्या लक्षातच आलं नाही. एक ट्रक झेंडेवाल्याच्या अगदी जवळून गेला. त्या दिवसापासून आधी रेनकोट, वर जाकीट. त्यासाठी माप एक नंबर मोठं घ्यावं लागतं.

बायकांच्या बाबतीत दुकानदार काही सांगत नाहीत. आमच्याकडे चौघीजणी आहेत. पदर जाकिटावरून घेतला की छातीवरची पट्टी झाकली जाते, म्हणून त्या पदर आतून घेऊन कंबरेला खोचतात. झाडताना वाकल्यावर कंबरेची पट्टी लपते, तेव्हा खांद्यांवरून जाणाऱ्या उभ्या पट्ट्याच कामी येतात. नुसती आडवी पट्टी असलेलं जाकीट घेऊ नका.

पुढे चेन नको, चिकटपट्टी (वेल्क्रो) हवी. जाकीट कुठल्या गाडीच्या आरशात अडकलं तर चिकटपट्टी सुटते, माणूस ओढला जात नाही. तिच्यात चिखल बसून ती वाऱ्याने उघडते, ही तक्रार मात्र खरी आहे. जुना टूथब्रश फिरवला की महिनाभर धरते. मागची जाळी उन्हाळ्यात किती हवा देते, ते एप्रिलमध्येच कळेल.

बाह्या नसणं ही मोठी उणीव वाटते. हात हलताना दिसला की समोर माणूस आहे हे चालकाला लवकर उमगतं, नुसतं धड दिसलं तर तो खांब किंवा फलकही वाटू शकतो. झेंडेवाल्यासाठी आणि रात्रपाळीच्या तिघांसाठी वर्ग ३ ची, बाह्यांची जाकिटं गेल्या आठवड्यात मागवली आहेत. ती येईपर्यंत मनगटाला रेडियमचे पट्टे बांधून काम चालू आहे.