सूर्यमित्र कोर्सनंतर काही महिने गच्चीवर काम केल्यावर: क्रिंपिंग नीट शिकवा!

परवा निफाडजवळ एका बंगल्यावर अर्धे सोलर पॅनल बंद म्हणून गेलो, तर एमसी-फोर कनेक्टर (पॅनलच्या तारा एकमेकींना जोडणारा प्लास्टिकचा जोड) वितळून काळा झालेला. आधी कुणीतरी तार साध्या पकडीनं चेपून आत कोंबलेली. क्रिंपिंग म्हणजे कनेक्टरची धातूची पिन खास टूलनं तारेवर घट्ट दाबणं, तेच नीट झालं नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

कोर्स बहुतेकांना माहीत आहे: सोलर पॅनल बसवायला शिकवणारा, केंद्र सरकारचा, 600 तासांचा, फी नाही, राहणं-जेवण तिथंच. मी आयटीआय वायरमन करून गेले. "फुकट मिळालं, तक्रार कसली?" असं घरी म्हणतात. मला पटत नाही. कमावत्या वयातल्या पोरांचे तीन महिने फुकट नसतात.

अर्थिंग, मल्टिमीटर, स्ट्रक्चर चांगलं शिकवलं. पण क्रिंपिंग? अख्ख्या बॅचला एकच टूल. सरांनी करून दाखवलं, आम्ही गोल करून बघितलं. गच्चीवर मात्र दिवसभर तेच काम. क्रिंप सैल राहिला की तिथं रोध वाढतो, सांधा तापतो, प्लास्टिक वितळतं. एसीचा प्रवाह दर सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव असतो. पॅनलमधून येते ती डीसी, तिच्यात तो शून्यावर येतच नाही. पेटलेली ठिणगी पेटतीच राहते. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर 'टक्' करून बसतात, पण आतला धातू नीट भिडेलच असं नाही. हे हातानं करून, तार ओढून बघितल्याशिवाय अंगात येत नाही.

एका बाबतीत मात्र मत बदललं. थंडीत व्होल्टेज वाढतं ते गणित तेव्हा निव्वळ परीक्षेपुरतं वाटलं होतं. हिवाळ्यात एका ग्राहकानं त्याच स्ट्रिंगला (एकामागोमाग जोडलेल्या पॅनलच्या रांगेला) आणखी एक पॅनल जोडायला सांगितलं. ते धरून पन्नास व्होल्टची बारा पॅनल म्हणजे 600, आणि इन्व्हर्टरची मर्यादाही 600. ते पन्नास व्होल्ट 25 अंशांना मोजलेले. निफाडची पहाट पाच-सहा अंशांची, म्हणजे तेव्हा व्होल्टेज मर्यादेच्या वर जाणार. कागदावर मांडून दाखवलं, काकांनी लगेच ऐकलं. तो धडा शिकवणाऱ्या सरांचे मनापासून आभार.

कोर्समध्ये धंद्याचा भाग मात्र घाईत उरकला. पीएम सूर्यघर या घरावरच्या सोलरसाठीच्या सरकारी योजनेची सबसिडी, 3 किलोवॅटला 78,000, ग्राहकाच्या खात्यात जाते. मालाचे पैसे आधी आपणच घालायचे असतील तर ते आणायचे कुठून, यावर कुणी बोललं नाही.

प्रवेश घेण्याआधी सेंटरवर जाऊन विचारा: क्रिंपिंग टूल किती आहेत, आणि प्रत्येकाच्या हाती किती वेळ मिळतं? पहिल्या पगारातून स्वतःचं टूल घ्या. हजार-दीड हजारात बरं येतं.