कोथरूडमधील स्मृती-चिकित्सा दवाखाना: सासूबाईंच्या निमित्ताने आलेला अनुभव

आमच्या सासूबाईंचे वय 76. गेल्या पावसाळ्यात दुधाच्या हिशेबाच्या वहीत त्यांच्या तारखा चुकू लागल्या, मग एकाच दिवसाच्या दोन नोंदी होऊ लागल्या आणि दिवाळीपर्यंत त्यांनी ती वही उघडणेच सोडले. नेहमीच्या डॉक्टरांनी ‘वयोमानाने असे होतेच’ म्हणून आमची बोळवण केली. त्यात पाच महिने वाया गेले, याचे दुःख आजही आहे.

या दवाखान्यातील पहिली भेट मात्र सव्वा तास चालली. चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, असे फोनवरच बजावले होते, आणि निम्मे निदान त्या पिशवीतूनच निघाले. मधुमेहासाठी 12 वर्षे मेटफॉर्मिन आणि जोडीला पित्ताची रोजची गोळी. या दोन्हींमुळे बी-12 जीवनसत्त्वाचे शोषण कमी होते आणि ते फार कमी झाले की विस्मरण होऊ शकते. त्यात आमचे घर पूर्ण शाकाहारी, म्हणजे आहारातूनही ते कमीच मिळणार. खाजेसाठी रात्री घेतली जाणारी, झोप आणणारी ॲलर्जीची जुन्या प्रकारची गोळी उतारवयात स्मरणशक्ती मंदावू शकते, हेही तिथेच कळले. बी-12, थायरॉइड व सोडियम यांसाठी रक्त तपासले आणि मेंदूचा सीटी स्कॅन काढला, कारण किरकोळ पडल्यानंतर काही आठवड्यांनी कवटीच्या आत साचलेले रक्त किंवा मेंदूत वाढलेले पाणी यांनीही विस्मरण होऊ शकते आणि त्यावर शस्त्रक्रिया करता येते. नैराश्याविषयीचे प्रश्न डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवून विचारले. ही जाण मला फार मोलाची वाटली.

स्कॅन निर्दोष निघाला, बी-12 मात्र अगदीच कमी होते. इंजेक्शने सुरू झाली, खाजेची गोळी बंद झाली. असे बरे होण्याजोगे कारण थोड्याच रुग्णांत सापडते आणि सापडले तरी सगळेच भरून येईल असे नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. पहिल्या दिवशी काढायला सांगितलेल्या घड्याळाच्या चित्रात सासूबाईंनी बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने कोंबले होते. चौथ्या महिन्यात ते गोलाकार बसले, फक्त मिनिटकाटा चुकला. स्मरणशक्तीच्या चाचणीचे गुण 30 पैकी 19 वरून 25 वर आले.

उणिवा आहेत. प्रतीक्षागृहातील टीव्हीच्या आवाजात कमी ऐकू येणाऱ्यांना आपले नाव पुकारलेले कळत नाही. औषधांच्या सूचनांचा कागदही इंग्रजीत मिळतो. तो मीच सासूबाईंच्या त्या वहीत मराठीत उतरवून दिला.