चपटे, गोल, टोकदार: आठ महिने एकाच एअर पिस्तुलात तीन आकारांचे छर्रे मारून

आधीच सांगते, मी काही कुठली मोठी शूटर नाही. १० मीटर एअर पिस्तूल, कॉम्प्रेस्ड एअरवालं, आठवड्यातून तीन-चार दिवस रेंजवर जाते, चांगला दिवस असेल तर साठ शॉटमध्ये, ६०० पैकी ५४० च्या आसपास आणि वाईट असेल तर सांगण्यासारखं नाही. तर मधे एक काळ असा आला की स्कोअर हलेचना, आणि अशा वेळी माणूस काय करतो, तर सामानाला दोष देतो. मी छर्‍यांना दिला. मग चपट्या डोक्याचे म्हणजे वॉडकटर, गोल डोक्याचे आणि टोकदार असे तिन्ही डबे आणले आणि आलटून पालटून आठ महिने वापरले.

टोकदाराचं पटकन उरकते. दिसायला एकदम भारी, वाटतं हाच सरळ जाणार. पण शिसं मऊ असतं आणि डब्यात एकमेकांवर आपटून ती टोकं वाकतात, काही तर नवीन डब्यातच मधोमध नव्हती. टोक जरा बाजूला गेलं की वजनाचा मध्य हलतो आणि छर्रा स्वतःभोवती फिरताना डगमगतो. माझ्या पिस्तुलात याचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटचे घोळके, सगळ्यात पसरट आले, महिनाभरात सोडून दिले. पिस्तुलाच्या वेगाला त्या टोकाचा फायदा मिळायला तेवढं अंतरच नसतं हो, १५० मीटर सेकंदाला धरा, म्हणजे १० मीटर जायला सेकंदाचा पंधरावा भाग.

आता खरी मारामारी चपटा की गोल. गोल डोक्याचा हवेत कमी अडतो, लांबवर तोच बरा, २५-३० मीटरच्या पुढे चपटा भरकटायला लागतो हे खरंय. पण १० मीटरवर चपट्याला भरकटायला वेळच मिळत नाही. मग मॅचमध्ये सगळे चपटेच का मारतात? मला वाटायचं नेम जास्त लागतो म्हणून. तसं नाहीये, निदान मुख्य कारण ते नाही. कारण आहे भोक.

एकदा दोन्हीची कार्डं, म्हणजे कागदी टार्गेटं, ट्यूबलाइटसमोर धरून बघा. चपट्याचं भोक पंचिंग मशीनने पाडल्यासारखं, कडा स्वच्छ, गोल. गोल डोक्यावाला कागद कापत नाही, ढकलून फाडतो, कडेला चिंध्या राहतात आणि त्या परत आत मिटतात, त्यामुळे भोक ४.५ मिमीपेक्षा लहान दिसतं. आता दहाचं वर्तुळ आहे ११.५ मिमीचं, आणि रेषेला भोक नुसतं टेकलं तरी वरचा मार्क मिळतो. म्हणजे भोकाची कड कुठे आहे यावर मार्क ठरतो आणि गोलवाल्याची कडच सापडत नाही! गेज, म्हणजे भोकात घालून कड मोजायची मापाची खुंटी, घालून बघायचं तर फाटक्या भोकात गेज पण नीट बसत नाही. माझ्या एका कार्डावर असाच एक शॉट होता, मी म्हणत होते दहा, शेजारचा म्हणत होता नऊ, पंधरा मिनिटं आम्ही त्या एका चिंधीकडे बघत होतो. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर हा वाद उरत नाही, पण मी कागदावर मारते.

तर मग नेमाचं काय? मी कोच सरांना विचारलं की सर चपट्याने नेम सुधारेल का, तर ते म्हणाले, "आधी पिस्तूल टेकवून मार, मग माझ्याशी बोल." टेबलावर वाळूची पिशवी, त्यावर हात टेकवून पाच-पाच शॉट. चपट्याचे पाच एकाच फाटक्या भोकात. गोलचे पाच, तेही जवळपास तसेच, थोडे इकडे तिकडे. मी खूप वेळ बघत बसले, कारण उभं राहून मारलं की माझा ग्रुप त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. हिशोब केला: पुढची आणि मागची साईट (नेम धरायचं पुढचं पातं आणि मागची खाच) यात साधारण ३३ सेंटिमीटर अंतर, तिथे पुढचं पातं १ मिमी हललं की टार्गेटवर ३० मिमी फरक पडतो. दहाच्या मध्यापासून ३० मिमी म्हणजे थेट सातची कड. आणि मी दोन छर्‍यांच्या डोक्यांवरून भांडत होते.

पण छर्‍याचा काहीच फरक पडत नाही असंही नाही, फक्त तो डोक्यात नाही, मागे आहे. छर्रा कमरेत बारीक आणि मागे पोकळ घेराचा असतो. मागून हवेचा दाब आला की तो पातळ घेर फुलतो आणि नळीतल्या आट्यांना, म्हणजे छर्‍याला फिरवणार्‍या पिळदार खाचांना, घट्ट बसतो, आणि बाहेर पडल्यावर तोच घेर मागे हवा अडवून डोकं पुढे ठेवतो, बॅडमिंटनच्या फुलासारखं. तो घेर एका बाजूला चेपला असेल तर बाहेर पडताना हवा एका बाजूने आधी सुटते आणि छर्‍याला तिरका धक्का बसतो. माझा एक डबा बॅगेतून खाली पडला होता. त्यानंतर आठवडाभर मधेच एखादा शॉट कुठेतरी सातला आठला आणि मी मनगटाला शिव्या देत होते.

आता मी काचेवर छर्रे घरंगळत सोडते. डोकं आणि घेर सारख्या मापाचे नसल्यामुळे चांगला छर्रा छान वळण घेत जातो, चेपलेला मधेच उड्या मारतो. त्या पडलेल्या डब्यातून मूठभर निघाले असे. लोक सोनाराच्या काट्यावर एकेक वजन करतात, तेही करून पाहिलं, माझ्या लेव्हलला शून्य उपयोग, एक रविवार गेला फक्त.

डोक्याच्या मापाचं मात्र बघाच. डब्यावर ४.४९, ४.५० असं लिहिलेलं असतं. माझ्या नळीला ४.४९ जास्त आवडतो, रेंजवरच्या एका ताईंच्या त्याच मॉडेलला ४.५० लागतो, त्यामुळे कुणाचं ऐकून घेऊ नका, टेकवून मारून बघा. वजन मी ०.४५ ग्रॅमवालं घेते, ०.५३ पण मारलेत, ते जरा खाली लागतात, साईट फिरवली की झालं.

एक गोष्ट, बुलेटवाल्या पिस्तुलात हे सगळं असंच्या असं लागू करू नका. पॉइंट २२ ची (०.२२ इंच जाडीची) मॅचची गोळी बहुतेक गोल नाकाचीच असते, ती मॅगझिनमधून नीट चढते आणि २५ मीटरवर दहाचं वर्तुळ ५० मिमीचं असतं. पॉइंट ३२ वाले मात्र वॉडकटर मारतात, शिशाचा दंडगोल, केसच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) तोंडाशी सपाट बसवलेला, आणि कारण तेच, भोक. तिथेही जाणती माणसं गोळीचं नाक नाही, बूड तपासतात.

आणि हो, छर्रे हाताळून झाले की हात साबणाने धुवा, शिसं आहे ते. मी बरेच दिवस तसाच चहा प्यायचे, आता आठवलं तरी कसंतरी होतं.

सध्या चपटा ४.४९ पक्का केलाय. गोलवाल्याचा डबा अर्धा उरलाय, तो मी कार्ड उलटं लावून कोर्‍या बाजूवर मारायच्या प्रॅक्टिसला संपवतेय, तिथे फक्त साईट आणि चाप बघायचा असतो, मार्क मोजायचेच नसतात, त्यामुळे भोक कसं का पडेना.