फिनलंडचे रंगवादी घरबसल्या: फिनिश नॅशनल गॅलरीचा ऑनलाइन संग्रह

स्वामित्वहक्क संपलेल्या चित्रांच्या प्रती इथून फुकट उतरवता येतात. १९१२च्या ‘सेप्टेम’ या फिनिश चित्रकारांच्या गटाचे उजळ, शुद्ध रंग बघायला ही सोय झकास. शोधताना गटाऐवजी चित्रकाराचं नाव टाका: एंकेल, फिंच, थोमे. थोमेची समुद्रकाठी आंघोळ करणारी पोरं (१९१०) मोठ्या आकारातच उघडा. छोट्या चित्रात सुटे फटकारे एकमेकांत मिसळून रंग मळकट दिसतात. छापायचं असेल तर ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ३००० पिक्सेलचे जेमतेम २५ सेंमी होतात. सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत) गेल्यावर जांभळ्या सावल्या हमखास मरतात (निळे तर विचारूच नका), तेव्हा आधी नमुना छापून घ्या. रंगाचा पोत मात्र पडद्यावर कळत नाही. त्यासाठी हेलसिंकीचं आतेनेउम कलासंग्रहालयच गाठायला हवं.